गोळ्या चालू आहेत, तरी माणूस उठत का नाही? मानसिक आजारानंतरचं निवासी पुनर्वसन म्हणजे काय

कोयनानगर, वार्ताहर :

घरात डोक्याच्या आजाराचं माणूस असलं की आपल्याकडं बोलायच्या दोनच तऱ्हा. एक तर "त्याला जरा बरं नसतं" म्हणून विषय बदलायचा, नाहीतर "येरवड्याला नेऊन टाका" म्हणायचं. या दोन्हींच्या मधे अजून एक वाट आहे. ती पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फारशी कुणाला माहीत नाही. ती वाट म्हणजे निवासी पुनर्वसन. आजारी माणसानं काही महिने घराबाहेर राहायचं, पण दवाखान्याच्या खाटेवर नाही. जिथं दिवसाला वेळापत्रक आहे, हाताला काम आहे आणि गोळ्यांवर कुणाचं तरी लक्ष आहे अशा जागी राहायचं आणि मग घरी परत यायचं. यातलं "परत यायचं" हे सगळ्यात महत्त्वाचं. परतीचा विचार नसेल तर त्याला पुनर्वसन म्हणत नाहीत, सोडून येणं म्हणतात.

बहुतेक घरांतलं चित्र सारखंच असतं. पोरगा बावीस-पंचवीसचा. मुंबईला माथाडीत नाहीतर कंपनीत कामाला. एक दिवस सामान तिथंच टाकून गावी येतो. झोपत नाही, माझ्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे म्हणतो, एकटाच बोलतो. मग आधी देवऋषी, मग वाडी, मग गाणगापूर. कुणी म्हणतं करणी, कुणी म्हणतं लागीर. यात वर्ष-दोन वर्षं जातात. शेवटी कराड किंवा साताऱ्याचा मानसोपचार डॉक्टर गाठला जातो. गोळ्या सुरू होतात आणि काही आठवड्यांत पोरगा झोपायला लागतो. कानातले आवाज कमी होतात, संशय कमी होतो. घर सुटकेचा श्वास टाकतं.

खरी अडचण तिथून पुढं सुरू होते. तो बसून राहतो. अंघोळ कर म्हटलं तर करतो, नाही म्हटलं तर आठ-आठ दिवस करत नाही. रानात चल म्हटलं तर बांधावर जाऊन बसतो. सांगितल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. थोरला भाऊ म्हणतो, आता आजार कुठं आहे, हा ऐदी झालाय. गोळ्यांनीच सुस्त केलाय म्हणून आई लपून गोळ्या कमी करते. तीन-चार महिन्यांत सगळं पहिल्यासारखं उसळतं.

हा ऐदीपणा नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजाराला दोन बाजू असतात. एक बाजू दिसते : भास, संशय, आरडाओरडा. ती औषधानं बऱ्यापैकी आटोक्यात येते. दुसरी बाजू दिसत नाही : इच्छाच मरते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, लक्ष टिकत नाही. या बाजूवर गोळी फार थोडं काम करते. काही वेळा औषधाच्या डोसामुळंही सुस्ती येते. पण ते डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्यायचं काम आहे, घरी गोळी मोडून अर्धी द्यायचं नाही. राहिलेला भाग सवयीनं, कामानं आणि माणसांत राहून परत शिकावा लागतो. पाय मोडला तर प्लास्टर काढल्यावर कुणी लगेच पोतं उचलायला लावत नाही, आधी चालायला शिकवतात. इथंही तसंच आहे.

किती घरांचा प्रश्न आहे हा? २०१५-१६ मध्ये देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात शंभर प्रौढांमागं दहापेक्षा जास्त जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यातले गंभीर आजार शंभरात एकापेक्षा थोडे कमी. म्हणजे हजार मोठी माणसं असलेल्या गावात सात-आठ. आपापल्या गावची घरं डोळ्यासमोर आणा, आकडा जुळतो का बघा.

तिथं नेमकं करतात काय

निवासी केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गज येतात. चांगल्या केंद्रात तसं नसतं. सकाळी ठरल्या वेळी उठायचं, आपलं अंथरूण आपण काढायचं, दात, अंघोळ, चहा. मग थोडा व्यायाम. मग काम. कुठं भाजीचं वाफं, कुठं गाईगुरं, कुठं कागदी पिशव्या, मेणबत्त्या, शिवणकाम, स्वयंपाकघरातली मदत. दुपारी गटात बसून बोलणं. यात साध्या साध्या गोष्टी असतात. दुकानात जाऊन पैसे मोजून परत कसे घ्यायचे, कुणी रागावलं तर काय उत्तर द्यायचं, बस चुकली तर काय करायचं. आपल्याला हे शिकवायची काय गरज असं वाटतं, पण पाच-सहा वर्षं घराच्या कोपऱ्यात काढलेल्या माणसाला हे सगळं नव्यानं जमवावं लागतं.

याच्या जोडीला मानसोपचार डॉक्टरची फेरी, रक्तदाब-साखरेची तपासणी (काही औषधांनी वजन आणि साखर वाढते), समुपदेशन. आणि घरच्यांना बोलावून बसवणं. हे शेवटचं काम जिथं होत नाही ते केंद्र अर्धंच म्हणायचं. कारण सारखं टोचून बोलणारं, रोज भांडण असणारं घर असेल तर आजार लवकर उलटतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासात दिसलेलं आहे. याचा अर्थ आजार घरच्यांमुळं होतो असा नाही. पण घरचं वातावरण औषधाइतकंच लागतं.

मराठीत यासाठी दोन सुंदर शब्द रुळले आहेत. आजारातून वाट काढणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेत हे शब्द कायम कानावर पडतात. ही संस्था १९९० पासून काम करते. तिच्या 'त्रिदल' या उपक्रमात शुभार्थी एकत्र येऊन वस्तू बनवतात, कामाची सवय लावून घेतात. पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. ती १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केली. हे गृहस्थ मूळचे खानदेशातले, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. स्वतःच्या पत्नीला हा आजार, म्हणून त्यांनी मायदेशी हे काम उभं केलं. अतुल कुलकर्णीचा 'देवराई' सिनेमा (२००४) ज्यांनी बघितलाय त्यांना हा आजार वेगळा समजावून सांगायला नको. त्या सिनेमामागंही वाणीच होते.

पण या दोन्ही ठिकाणी मुख्यतः दिवसा जाऊन संध्याकाळी घरी यायचं. कोयनेच्या माणसाला ते जमणार नाही. आपल्याला राहायची सोय लागते, म्हणून पुढच्या दोन गोष्टी नीट वाचा.

कर्जतची वाट

रायगड जिल्ह्यात कर्जतला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचार डॉक्टर जोडपं. १९८८ मध्ये त्यांनी मुंबईत काम सुरू केलं, २००६ मध्ये कर्जतचं केंद्र उभं राहिलं. रस्त्यावर भटकणारे मानसिक रुग्ण ते आणतात. स्वच्छ करतात, औषध सुरू करतात, खाऊ घालतात. काही आठवड्यांत माणसाला स्वतःचं नाव आठवतं, मग गाव आठवतं, मग कार्यकर्ता त्याला घेऊन थेट त्याच्या दारात जातो. देशाच्या कानाकोपऱ्यातल्या हजारो माणसांना त्यांनी असं घरी पोचवलं आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांची पहिली गाठ पडलेला तरुण रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी नारळाच्या करवंटीनं पीत होता. उपचारानंतर कळलं की तो शिकलेला, पदवीधर, चांगल्या घरातला. वडील त्याला शोधत होते. म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला घरानं टाकलेलंच असतं असं नाही. कित्येक घरं आजही वाट बघत असतात.

आपल्या कराड-चिपळूण रस्त्यावर, एसटी स्टँडवर अशी माणसं अधूनमधून दिसतात. लोक वडापाव देतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि पुढं जातात. फोटो टाकण्याऐवजी पोलीस ठाण्यात कळवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याच्या घरच्यांचा शोधही पोलिसांनी घ्यायचा आहे.

घाटाखालचं घर

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे रत्नागिरीला गेलं की तिथं ब्रिटिश काळापासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यात ही चार जुनी मनोरुग्णालयं. या चारही ठिकाणची जुनी दुखरी नस एकच : बरे झालेले पण न्यायला कुणी न आलेले रुग्ण. कुणाच्या नातेवाइकांनी दाखल करताना पत्ताच खोटा दिलेला, कुणाचे आई-बाप गेले आणि भावजय दार उघडत नाही. दहा-दहा, वीस-वीस वर्षं अशी माणसं आत राहतात.

चेन्नईची 'द बॅनियन' नावाची संस्था आहे, १९९३ पासूनची. तिनं २०१५ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. साध्या वस्तीत, साध्या गल्लीत एक घर भाड्यानं घ्यायचं. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या चार-पाच जणींनी त्यात कुटुंबासारखं राहायचं. सोबतीला त्याच भागातली एक शिकवून तयार केलेली बाई. बाजार त्यांनी करायचा, चूल त्यांनी पेटवायची, शेजाऱ्यांच्या हळदीकुंकवाला जायचं, झेपेल ते काम करायचं. औषध आणि डॉक्टर संस्थेकडं. या उपक्रमाला 'होम अगेन' म्हणतात, म्हणजे पुन्हा घर. हीच पद्धत रत्नागिरीतही आली आहे.

मला विचाराल तर आपल्या भागाला हा नमुना सगळ्यात जवळचा. मोठी इमारत नको, पन्नास एकर नको. गावातली अर्धी घरं मुंबईला गेलेल्यांची, कुलूप लावून पडलेली आहेत. अडचण घराची नाही, शेजाऱ्याची आहे. "असली माणसं आमच्या आळीत नकोत" हे पहिलं वाक्य असतं. बेल्जियम देशात गील नावाच्या गावात मात्र शेकडो वर्षांपासून शेतकरी कुटुंबं मानसिक आजाराची परकी माणसं घरात ठेवून घेतात. जेवायला बसवतात, शेतात नेतात. आजही ती रीत चालू आहे. ती गावंही शेतकऱ्यांचीच.

कुठं ठेवू नये

तमिळनाडूत एरवाडी हे दर्ग्याचं गाव. तिथं आजूबाजूला खासगी लोकांनी मनोरुग्ण ठेवायची ठिकाणं काढली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका ठिकाणी आग लागली. रुग्ण साखळीनं बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण मेले. नातेवाईक त्यांना तिथं बरं व्हायला सोडून आले होते.

म्हणून ठिकाण निवडताना लाजू नका, विचारा. पहिलं म्हणजे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का. ते प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावायचं असतं, तुमच्या डोळ्यांनी बघा. बरीच ठिकाणं व्यसनमुक्तीच्या नावाखाली मानसिक रुग्णही ठेवून घेतात, तिथं जास्त सावध राहा. मानसोपचार डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री काही झालं तर कोण असतं, ते विचारा. फोनवर बोलू देतात का, भेटायला कधीही जाता येतं का? कायद्यानं रुग्णाला भेटीचा आणि फोनचा हक्क आहे. "पहिले तीन महिने भेटायचंच नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. साखळीनं बांधायला कायद्यात सरळ बंदी आहे. सक्तीनं डोकं भादरायलाही बंदी आहे.

कामाबद्दलही विचारा. रुग्णाकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो, असं कायदाच म्हणतो. पुनर्वसनाच्या नावाखाली फुकटचे गडी राबवायचे, असंही होऊ शकतं. फी किती, त्यात औषध धरलंय का, हे लेखी घ्या. खासगी ठिकाणी महिन्याची फी गरीब घराला झेपत नाही, ही खरी गोष्ट आहे. जनावर विकून किंवा सोनं गहाण टाकून दोन महिने ठेवायचं आणि पैसे संपले म्हणून अर्ध्यावर आणायचं, यापेक्षा आधी साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना विचारून मग ठरवा. साताऱ्यात परिवर्तन संस्थेचंही व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं बरंच जुनं काम आहे, तिथंही विचारता येईल.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. माणूस नको म्हणत असताना त्याला दाखल करायचं झालं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून लिहून द्यावं लागतं आणि ते दाखल करणं जास्तीत जास्त तीस दिवसांचं असतं. पुढं वाढवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची परवानगी. "एकदा ठेवला की कायमचा ठेवला" असं कायद्यात नाही. उलट कलम १९ म्हणतं की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावर कुणाला आत ठेवता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच राज्याला फटकारलं होतं, कारण मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवून आकडे जुळवले जात होते.

सातबाऱ्याचं काय

हा मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, म्हणून मुद्दाम लिहितो. आजारी माणूस घरी परत येण्याच्या आड कधी कधी आजार नसतो, जमीन असते. "वेड्याला कशाला हिस्सा" म्हणून वारसनोंदीत नाव घालतच नाहीत. हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम २८ साफ सांगतं की कुठल्याही आजारामुळं वारसाहक्क जात नाही. राहत्या घरात राहायचा हक्कही जात नाही, त्यासाठी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो.

दुसरा कागद दिव्यांग प्रमाणपत्राचा. २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजार आहे. सिव्हिलला तपासून टक्केवारी मिळते. चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच योजनांचं दार उघडतं, संजय गांधी निराधारसाठी तहसीलला अर्ज करता येतो. "वेडा असल्याचा दाखला कशाला" म्हणून घरं हे टाळतात. दाखल्यावर आजाराचं नाव असतं. गावानं ठेवलेलं नाव नसतं.

घरी आल्यावर

भाताचा तरवा काढून चिखलात लावला की रोप चार-आठ दिवस मान टाकतं, पिवळं पडतं. लावणी बिघडली म्हणून कुणी ते उपटत नाही. केंद्रातून घरी आलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन महिने असेच असतात. तिथं सगळं व्यवस्थित करत होता, इथं पुन्हा लोळतोय, असं वाटतं. तिथं घंटा होती, इथं नाही. म्हणून तिथलं वेळापत्रक लिहून आणा आणि त्यातली निदान चार कामं घरी ठरवून द्या. उठायची वेळ, अंघोळ, एक काम, संध्याकाळी गावात एक फेरी. काम लहान द्या पण त्याचंच द्या. गोठ्यातलं शेण काढणं असो की दूध डेअरीला घालणं असो, रोज तोच करील. चुकलं तर चारचौघांत ओरडू नका.

आपण कोयनेची माणसं. १९६७ चा मोठा धक्का होऊन गेला तरी धरणाच्या पट्ट्यात लहान धक्के येतच राहतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या आजाराचंही तसंच आहे. झोप कमी होणं, जेवण टाळणं, जुना संशय पुन्हा बोलून दाखवणं, एकट्यानं हसणं, ही खूण दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला गाठा. ज्यांना रोज गोळी घ्यायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी काही औषधं महिन्यातून एकदा इंजेक्शननं देता येतात, डॉक्टरांना विचारा. मोबाईलवर "मानसिक आजार कायमचा बरा, गोळ्या बंद" म्हणणारे व्हिडिओ फिरतात. त्यांच्यापायी औषध बंद करू नका, त्या माणसाला तुमच्या घरी रात्री दोन वाजता यायचं नसतं.

आणि भूत काढायला म्हणून कुणी बांधून मारत असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, मग करणारा कितीही मोठा भगत असो. देवाला जायला कुणाची ना नाही. जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर असू द्या.

ज्यांना कुणाशी बोलावं तेच कळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानंच फोन करायला पाहिजे असं नाही, सांभाळून थकलेल्या आईनं किंवा भावानं केला तरी चालतो. रेंज नसेल तर टेकावर जाऊन लावा. फोन करताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच विचारतील.